डेंग्यूचा रिपोर्ट: ठळक छापलेले आकडे आणि धोका सांगणारे आकडे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल.

वडील ६१ वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. तापाचा आज पाचवा दिवस. दुसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस१ तपासणी पॉझिटिव्ह आली. तिसऱ्या दिवशीच्या सीबीसीत प्लेटलेट १ लाख ४० हजार, हिमोग्लोबिन १२.१ आणि पीसीव्ही (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) ३६ होता. आजच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट ६२ हजार, हिमोग्लोबिन १४.४, पीसीव्ही ४३.५. शिवाय लॅबच्या फीव्हर पॅकेजमध्ये सीआरपी (दाहाची खूण) १८, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) २८०० आणि डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्या विरघळल्याची खूण) वाढलेला. काल रात्रीपासून ताप उतरलाय, पण सकाळपासून तीन उलट्या झाल्यात, पोटात दुखतंय आणि ते नुसते पडून आहेत. तुमचं वाक्य असं आहे: ‘ताप गेला, हिमोग्लोबिनही सुधारलं, आता फक्त पेशींची काळजी आहे.’ मग तीन प्रश्न: पेशी, म्हणजे प्लेटलेट, भरायच्या का, सीआरपी-फेरिटिन-डी-डायमरवरून पुढे काय होणार ते कळतं का, आणि हे सगळं रोज तपासायचं का. कोविडमध्ये काकांचा डी-डायमर खूप वाढला होता आणि ते वाचले नाहीत, त्यामुळे हा शब्द रिपोर्टमध्ये दिसताच घरात सगळे घाबरलेत, असंही तुम्ही लिहिलंय.

पुढचं सगळं नंतर वाचा. आधी वडिलांना आत्ताच अशा दवाखान्यात घेऊन जा जिथे रात्रभर लक्ष ठेवता येईल आणि दर काही तासांनी पीसीव्ही तपासता येईल. मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण पोटदुखी, सतत उलट्या, गळून जाणं, आणि पेशी झपाट्याने उतरत असताना वर चढलेला पीसीव्ही, ही चारही जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ठरवलेली डेंग्यूतली धोक्याची लक्षणं आहेत. त्यातलं एक असलं तरी आम्ही रुग्णाला घरी ठेवत नाही. इथे चार आहेत.

आता खरा मुद्दा. तुम्हाला जे हिमोग्लोबिन ‘सुधारलेलं’ वाटलं, तोच माझ्या दृष्टीने या रिपोर्टमधला सगळ्यात काळजीचा भाग आहे. दोन दिवसांत कोणाचंही हिमोग्लोबिन १२ वरून १४ वर जात नाही, तितकं रक्त तयारच होत नाही. आमटी आटली की डाळ वाढलेली नसते, पाणी गेलेलं असतं. इथेही तसंच झालंय. डेंग्यूत रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर काही काळ पाझरू लागतं. रक्तातलं पाणी आणि त्याबरोबर अल्ब्युमिनसारखी प्रथिनं बाहेर पडून पोटात, फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत साठतात. तांबड्या पेशी मात्र आतच राहतात. मग रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का वाढलेला दिसतो. हाच टक्का म्हणजे पीसीव्ही. ३६ वरून ४३.५ म्हणजे जवळजवळ २१ टक्क्यांची वाढ, आणि २० टक्के किंवा जास्त वाढ ही रक्तातलं पाणी बाहेर झिरपत असल्याची जुनी, मान्य खूण आहे. उलट्यांमुळे शरीर कोरडं पडूनही पीसीव्ही चढतो, हे खरं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्याचा वाटा असेलच. पण यातलं नेमकं काय आहे ते पोटाला हात लावून, बीपी पाहून, सोनोग्राफी करूनच ठरतं, घरी बसून नाही.

लॅबचं मशीन काय करतं बघा. पुरुषांसाठी छापलेली सामान्य मर्यादा साधारण ४० ते ५०. परवाचा ३६ मर्यादेच्या खाली होता, म्हणून तो ठळक छापला गेला असेल. आजचा ४३.५ मर्यादेत बसतो, म्हणून त्याच्यासमोर खूण नाही. म्हणजे कागदावर परवा ‘असामान्य’ आणि आज ‘सामान्य’! मशीनला तुमचे वडील माहीत नाहीत, त्याला फक्त मर्यादा माहीत आहे. आपल्याकडे अशक्तपणा असलेली माणसं इतकी आहेत की ३४-३५ पीसीव्ही असलेली बाई ४२ वर जाते, धोक्याच्या ऐन मध्यावर उभी असते, आणि रिपोर्ट मात्र निर्मळ दिसतो. म्हणून मी नेहमी विचारते, तापाआधीचा किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांतला एखादा सीबीसी आहे का? सहा महिन्यांपूर्वी शुगरबरोबर केलेला असला तरी चालेल. तो कागद दवाखान्यात बरोबर न्या. आजच्या रिपोर्टइतकाच तो मोलाचा आहे.

ताप उतरण्याबद्दलही बोलायला हवं. इतर बहुतेक तापांत ताप गेला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. डेंग्यूत धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि पुढचे २४ ते ४८ तास हा पाझर सगळ्यात जास्त असतो. बहुतेकांना या काळात काहीच होत नाही, भूक लागते आणि ते बरे होतात. ज्यांना त्रास होतो त्यांचा ताप गेलेला असतो पण चेहऱ्यावर तरतरी नसते. अशा रुग्णाचं बीपी १००/८४ आलं तर घरचे म्हणतात, वरचं १०० आहे, ठीक आहे. मी बघते ते दोन्हींमधलं अंतर. ते २० किंवा कमी झालं, हातपाय गार पडले, नाडी जलद झाली की तो शॉकच्या, म्हणजे रक्तदाब कोसळण्याच्या, उंबरठ्यावर आहे, मग तो माझ्याशी नीट बोलत का असेना. या टप्प्यावर योग्य प्रमाणात सलाईन मिळालं तर माणूस हमखास म्हणावा इतका चांगला सावरतो. उशीर झाला तर नंतर पेशींच्या कितीही पिशव्या लावल्या तरी उपयोग होत नाही, कारण मूळ दुखणं पेशींचं नव्हतंच.

आता पेशी. प्लेटलेट डेंग्यूत दोन कारणांनी उतरतात: अस्थिमज्जा काही दिवस मंदावते आणि रक्तातल्या प्लेटलेट लवकर नष्ट होतात. सहसा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमाराला त्या तळाला जातात आणि मग आपोआप चढतात. ६२ हजार हा डेंग्यूसाठी नेहमीचा आकडा आहे. त्या आकड्यावरून रक्तस्राव होईल की नाही हे जवळजवळ काहीच कळत नाही. १५ हजारांवर काहीही न होता बरे होणारे तरुण मी दर पावसाळ्यात बघते. आणि ८० हजारांवर काळी शी होऊन आलेलेही बघते. त्यांच्याबाबत विचारलं की बऱ्याचदा कळतं, अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलेलं असतं.

पेशी भरण्याबद्दल पुरावा स्पष्ट आहे. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांत डेंग्यूचे ३७२ प्रौढ रुग्ण घेऊन चाचणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. सगळ्यांच्या प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी होत्या. अर्ध्यांना पेशी भरल्या, अर्ध्यांना नुसते इतर उपचार. रक्तस्राव पहिल्या गटात २१ टक्के, दुसऱ्यात २६ टक्के, म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने फरक नाही. दुष्परिणाम मात्र पेशी भरलेल्यांत जास्त. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खाली गेल्यावरच पेशी देण्याचा विचार सांगितलाय. रक्तस्राव चालू असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आकड्याची वाट पाहायची नाही. तेव्हा ६२ हजारांवर रक्तपेढ्यांना फोन लावत बसू नका. ती धावपळ जीव तोडून होते, मला माहीत आहे. रात्री दोन वाजता दाते शोधणारी मुलं मी बघितली आहेत आणि त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण तोच वेळ लघवी किती वेळा झाली, किती प्यायले, हे लिहून ठेवण्यात गेला तर वडिलांच्या जास्त कामी येईल.

पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात कोणीतरी सुचवलं असेलच. सातव्या-आठव्या दिवशी पेशी आपोआप वाढतात, त्या सुमाराला जे काही चालू असतं त्याला श्रेय मिळतं. किवी-दूध पोटाला सोसत असेल तर माझी हरकत नाही. पानांचा कडू रस मात्र आत्ता नको. उलट्या आजाराने होतायत की रसाने हे मग कळेनासं होतं, आणि उलट्या हे आपल्याला जपून बघायचं लक्षण आहे.

आकड्याच्या विश्वासार्हतेबद्दल एक गोष्ट. प्लेटलेट कमी असताना मशीनची मोजणी तितकी अचूक नसते. सकाळी ६२ हजार आणि संध्याकाळी ५५ हजार, यात ‘सात हजारांनी उतरल्या’ असं काही नसतं. काही लोकांच्या रक्तात नमुन्याच्या नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन खोटा कमी आकडा देतं. म्हणून एकाएकी फारच कमी आकडा आला तर काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगावं. चांगला पॅथॉलॉजिस्ट हे न सांगता करतो.

पांढऱ्या पेशींकडे कोणी बघत नाही, पण मला त्यांचा कल आवडतो. डेंग्यूत त्या प्लेटलेटच्या आधी उतरतात, बऱ्याचदा दोन-तीन हजारांपर्यंत, आणि सहसा आधी चढतात. त्या वर येऊ लागल्या की एक-दोन दिवसांत प्लेटलेटही येतील अशी मला आशा वाटते. एसजीओटी-एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतले आकडे, थोडेफार वाढलेले असतातच आणि डेंग्यूत एसजीओटी सहसा जास्त वाढतो. हजाराच्या वर गेला तर यकृताला मोठा मार बसलाय असं समजून वागावं लागतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर. इथे डेंग्यू आणि कोविड यांची घरात गल्लत झालीय आणि ती साहजिक आहे, कारण २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत हे शब्द शिरले आणि तिथेच राहिले.

सीआरपी यकृतात तयार होतो. शरीरात कुठेही दाह झाला की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-६ सोडतात, तो संदेश यकृतापर्यंत गेला की काही तासांत सीआरपी वाढतो आणि दोन दिवसांत कळस गाठतो. म्हणजे ‘कुठेतरी दाह आहे’ इतकंच तो सांगतो. कुठे, कशामुळे, हे त्याला ठाऊक नसतं. दात सुजला तरी वाढतो. तुम्ही १८ लिहिलंत, पण एकक लिहिलं नाहीत. समोर सामान्य मर्यादा ५ किंवा ६ छापली असेल तर तो मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि १८ ही डेंग्यूत दिसणारी मामुली वाढ आहे. मर्यादा ०.५ किंवा ०.६ छापली असेल तर तो मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे, म्हणजे पहिल्या एककात तब्बल १८०, आणि मग डेंग्यूच्या जोडीला एखादा जिवाणूंचा संसर्ग आहे का, हे शोधावं लागेल. मधुमेही माणसात तर नक्कीच. डी-डायमरची एककं याहून किचकट आहेत. कोणी नॅनोग्रॅममध्ये देतं, कोणी मायक्रोग्रॅममध्ये, आणि मोजण्याच्या दोन पद्धतींत दुपटीचा फरक पडतो. दोन वेगळ्या लॅबचे डी-डायमर शेजारी ठेवून ‘दुप्पट झाला’ म्हणण्यात काही अर्थ नसतो.

काकांबद्दल वाईट वाटलं. त्यांच्या वेळी डी-डायमरला इतकं महत्त्व का आलं ते सांगते. मार्च २०२० मध्ये वुहानमधल्या दोन रुग्णालयांतल्या १९१ प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले ५४ दगावले होते. दाखल होताना डी-डायमर १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त असणं आणि मृत्यू यांचा संबंध त्यात ठळकपणे दिसला. जगभरच्या डॉक्टरांनी तो आकडा उचलला, कारण तेव्हा हातात दुसरं काही नव्हतं. नंतरच्या अभ्यासांतही संबंध दिसत राहिला, तो खोटा नाही. पण ‘धोका जास्त’ हे सांगणं वेगळं आणि ‘म्हणून हे औषध द्या’ हे सांगणं वेगळं. २०२१ मध्ये रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. मध्यम आजारी रुग्णांना पूर्ण मात्रेत हेपारिनचा फायदा झाला, पण तो डी-डायमर वाढलेला असो वा नसो, दोघांनाही. अत्यवस्थ रुग्णांना फायदा झाला नाही, आणि डी-डायमर सगळ्यात जास्त असतो तो त्यांचाच.

स्टेरॉइडबाबतही असंच. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की दररोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांच्यात औषध न घेणाऱ्यांत मृत्यू १४ टक्के होते आणि घेणाऱ्यांत १७.८. म्हणजे फायदा नाहीच, उलट नुकसानीची शंका. औषध कोणाला द्यायचं हे ऑक्सिजनने ठरवलं. तरी दुसऱ्या लाटेत आमच्याकडे लोक सीआरपीचा कागद आणि छातीच्या स्कॅनचा २५ पैकी स्कोअर घेऊन यायचे, बोटावर ऑक्सिजन ९८, आणि चौथ्या दिवसापासून घरीच स्टेरॉइड चालू. त्यातल्या मधुमेहींच्या शुगर चारशे-पाचशेवर गेल्या आणि काहींना पुढे काळ्या बुरशीला तोंड द्यावं लागलं. मार्कर, म्हणजे रक्तातले असे खुणेचे आकडे, बघून उपचार करण्याचं काय मोल पडतं ते मी तिथे जवळून पाहिलंय, म्हणून या विषयावर इतकं लांबण लावते आहे.

सीआरपीचा योग्य वापर कसा असतो त्याचंही उदाहरण त्याच रिकव्हरी चाचणीत आहे. टॉसिलिझुमॅब हे औषध कोणाला द्यायचं, तर ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली आणि सीआरपी ७५ किंवा जास्त, दोन्ही असतील त्यांना. सीआरपी एकटा नाही, रुग्णाच्या श्वासाबरोबर. आणि हे औषध दिल्यावर सीआरपी झरझर उतरतो, कारण औषध इंटरल्युकिन-६ चा संदेशच अडवतं. रुग्ण तेवढा सुधारलेला नसतानाही कागद सुंदर दिसायला लागतो.

ब्रिटनमध्ये कोविडसाठी चांगला चाललेला एक मृत्यूधोक्याचा तक्ता होता, ४सी स्कोअर. एकूण २१ गुण, आठ गोष्टी: वय, लिंग, इतर आजार, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, शुद्धीची अवस्था, युरिया आणि सीआरपी. यात रक्ताच्या तपासण्या दोनच. सीआरपीला जास्तीत जास्त २ गुण, युरियाला ३, आणि एकट्या वयाला ७ पर्यंत. फेरिटिन नाही, डी-डायमर नाही. रुग्णाकडे नीट बघून जे कळतं त्यावर रक्ताच्या तपासण्या थोडीच भर घालतात, हे त्यातून दिसतं.

‘मार्करवरून भविष्य कळतं’ हे पेपरात वाचलेलं घरी का लागू पडत नाही, यासाठी थोडं गणित करू. आकडे समजण्यापुरते घेतेय. समजा एक चाचणी गंभीर होणाऱ्या १०० पैकी ८० जणांना बरोबर पकडते आणि गंभीर न होणाऱ्या १०० पैकी ८० जणांना बरोबर सोडते. पुष्कळ मार्कर इतके चांगलेही नसतात. आयसीयूत १०० पैकी ५० जण गंभीर होणारे असतील तर ती ४० खरे आणि १० खोटे इशारे देईल. ५० इशाऱ्यांत ४० खरे, ठीक आहे. आता तीच चाचणी ओपीडीतल्या १०० तापकऱ्यांवर लावा, जिथे ५ जण गंभीर होणार आहेत. ती ४ जणांना पकडेल आणि उरलेल्या ९५ पैकी १९ जणांना उगाच घाबरवेल. २३ इशाऱ्यांत ४ खरे. वुहानचे १९१ जण रुग्णालयात दाखल झालेले होते. त्यांच्यावरून निघालेला आकडा फीव्हर पॅकेजमध्ये घातला की असंच होतं.

मग डेंग्यूत हे तीन आकडे काय सांगतात? फेरिटिन डेंग्यूत खूप वाढतं, हजारांत जाणं नेहमीचं आहे, आणि जास्त आजारी लोकांत ते सरासरीने जास्त असतं. नुसत्या २८०० वरून मी कुठलाही निर्णय घेणार नाही. ते १० हजारांच्या वर गेलं, ताप आठवडा उलटूनही हटत नसेल, प्लीहा वाढली असेल आणि हिमोग्लोबिनसकट सगळ्याच पेशी उतरत असतील, तर प्रतिकारशक्तीच बेफाम होऊन स्वतःच्या पेशी खाऊ लागलीय का, हा वेगळा आणि गंभीर विचार करावा लागतो. तुमच्या वडिलांचं चित्र सध्या तसं नाही. डी-डायमर डेंग्यूत वाढतोच, आणि तो बघून कोणी रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन सुचवलं तर ठाम नकार द्या. उतरत्या पेशींवर ते धोक्याचं आहे. पेशी वाढवायला स्टेरॉइडही नको. डेंग्यूत सुरुवातीलाच प्रेडनिसोलोन देण्याची चाचणी व्हिएतनाममध्ये झाली, त्यात फायदा दिसला नाही, आणि तुमच्या वडिलांची शुगर मात्र नक्की चढेल.

कोविड आणि डेंग्यू यांत तोच मार्कर उलट बोलतो याचं एक उदाहरण द्यायलाच हवं. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर, म्हणजे हल्ली काही लॅब छापतात तो एनएलआर. गंभीर कोविडमध्ये लिम्फोसाइट घटतात, गुणोत्तर चढतं. डेंग्यूत ताप उतरण्याच्या सुमाराला लिम्फोसाइटचा टक्का वाढतो, गुणोत्तर उतरतं. स्टेरॉइड दिलं की कोणत्याही आजारात ते चढतं. कोविडचा तक्ता समोर ठेवून डेंग्यूचा एनएलआर वाचला तर सगळंच उलटं कळेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तिथल्या डॉक्टरांना आपणहून सांगा. वडील ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेतात का? घेत असतील तर ती थांबवायची की नाही हे हृदयात स्टेंट आहे का, त्यावर ठरेल, स्वतः ठरवू नका. उलट्या होत असताना मेटफॉर्मिन किंवा डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या सहसा काही दिवस थांबवाव्या लागतात, तेही विचारा. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर सलाईनचा हिशेब फार जपून करावा लागतो, कारण पाझर थांबला की बाहेर गेलेलं पाणी पुढच्या दोन-तीन दिवसांत रक्तात परत येतं आणि जादा दिलेल्या सलाईनने धाप लागते. पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल तर तेही सांगा, दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारच्या विषाणूचा झालेला डेंग्यू जास्त त्रास देऊ शकतो.

आणि तुमचा तिसरा प्रश्न, काय आणि किती वेळा तपासायचं. दाखल असताना या दोन दिवसांत पीसीव्ही दर चार-सहा तासांनी किंवा डॉक्टर म्हणतील तितक्या वेळा, पूर्ण सीबीसी दिवसातून एक-दोनदा, शुगर, बीपी आणि लघवीचं माप. पीसीव्ही उतरला की लगेच आनंद मानू नका, आधी माणूस बघा. लघवी होतेय, भूक लागतेय, हातपाय कोमट आहेत, तर पाणी परत येतंय. नाडी पळतेय, चेहरा पांढरा पडलाय आणि पीसीव्ही उतरलाय, तर आत कुठेतरी रक्तस्राव आहे. सीआरपी पुन्हा करायचा तो ताप परत आला किंवा जिवाणूंच्या संसर्गाची शंका आली तरच. फेरिटिन वर सांगितलेलं चित्र दिसलं तरच. डी-डायमर आणि इंटरल्युकिन-६ नकोतच.

घरी कधी सोडतील? औषधाशिवाय दोन दिवस ताप नाही, जेवण जातंय, लघवी व्यवस्थित, सलाईन बंद करूनही पीसीव्ही स्थिर, धाप नाही आणि पेशी ५० हजारांच्या वर व चढत्या. पेशी लाखावर येईपर्यंत थांबायची गरज नसते. थकवा दोन-तीन आठवडे राहू शकतो, त्यासाठी पुन्हा फीव्हर पॅकेज करू नका. आठवड्याने एक साधा सीबीसी आणि शुगर करा, आणि त्यातला पीसीव्ही कुठेतरी लिहून ठेवा.